सोफा, गालिचा आणि हातातलं हत्यार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीचा निरोप आला की महोत्सवाच्या कार्यक्रमात प्रत्येकाने आपापल्या कामातलं, घराघरात उपयोगी पडेल असं काहीतरी सांगायचं. गेल्या रविवारी डॉक्टरसाहेब मधुमेहावर बोलले. त्यांच्यानंतर सोफे धुणाऱ्याने माईकसमोर उभं राहायचं म्हणजे अवघडच! पण विषय तुमच्या हॉलमधलाच आहे, म्हणून धाडस करतो.

माझं काम सोफे, गालिचे, गाद्या आणि गाडीच्या सीटा धुण्याचं. बारामतीत काम आहेच, शिवाय भिगवण, वालचंदनगर, निमगाव केतकी, इंदापूर या बाजूला आठवड्यातनं दोन-तीन फेऱ्या होतात. बी विंगखाली माझी गाडी लागते, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. लोक येता-जाता मशीनकडे बघतात, केवढ्याचं आहे, किती वॅटचं आहे ते विचारतात. पाईपच्या टोकाला असलेलं वीतभर हत्यार मात्र कुणी हातात घेऊन बघत नाही. आज मी त्या वीतभर हत्याराबद्दल बोलणार आहे.

त्याला कारण आहे. येत्या वार्षिक सभेपुढे एक ठराव येतोय. महोत्सवी निधीतून सोसायटीसाठी एक मशीन घ्यायचं, त्यावर सभागृहाच्या खुर्च्या आणि गालिचा धुवायचा, आणि सभासदांना ते नाममात्र भाड्याने वापरायला द्यायचं. ठराव चांगला आहे, माझा धंदा थोडा कमी होईल तरी चांगला आहे! पण सहा महिन्यांत ते मशीन जिन्याखाली धूळ खात पडू नये आणि कुणाचा चांगला सोफा खराब होऊ नये असं वाटत असेल, तर पैशाचा विचार करताना आधी हत्याराचा करा, मशीनचा नंतर.

पाणी टाकणं सोपं, काढणं अवघड

मशीनमध्ये असतं काय? दोन टाक्या, एक पंप आणि हवा ओढणारी एक मोटर. पंप स्वच्छ पाणी पुढे ढकलतो, मोटर घाण पाणी मागे ओढते. पाणी किती रुंद पट्ट्यात पडणार, कापडात किती खोल जाणार आणि त्यातलं किती लगेच परत येणार, हे मात्र हत्यारावर ठरतं.

सोफ्याच्या कापडाखाली फोम असतो, त्याखाली पट्ट्या, त्याखाली लाकूड नाहीतर प्लायवुड. पाणी फोममध्ये मुरलं की वरचं कापड वाळल्यासारखं दिसतं, आत ओल तशीच राहते. तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटतो. कापड सुती असेल तर आतला मळ आणि धाग्यातला तपकिरी रंग ओलीबरोबर वर चढतो आणि वाळताना कडं उमटतं. तागाचं अस्तर असलेल्या गालिच्याचंही हेच होतं. मग घरातल्या ताई म्हणतात, "धुण्याआधी बरा होता हो!" अशा वेळी सगळे पावडरला दोष देतात. बऱ्याचदा दोष झिजलेल्या जेटचा असतो, नाहीतर चिरलेल्या कडेचा. पाणी जास्त पडलेलं असतं आणि ओढ कमी झालेली असते.

आपला मळ आणि आपलं पाणी

हत्यार निवडताना आधी आपल्या गावचा मळ ओळखला पाहिजे. आपल्याकडची काळी माती वाळली की पिठासारखी बारीक होते आणि दारं बंद असली तरी घरात येते. कोरडी आहे तोवर ती व्हॅक्यूमने निघते. पाणी लागलं की तिचा चिखल होतो आणि तो धाग्याच्या मुळाशी बसतो. म्हणून धुण्याच्या कामात निम्मं काम कोरडंच असतं. ते न करता जो थेट पाण्याचा पाईप सोडतो, तो सोफ्यात चिखल कालवतो.

दुसरा मळ आपल्या साखरपट्ट्याचा. गळीत हंगामात बगॅसची काळी राख उडते. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर तिचे कण तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. हाताने पुसायला गेलं की काळी रेघ ओढली जाते. सोफ्यावर पडलेल्या राखेला बोट लावायचं नाही, ब्रश तर नाहीच नाही. व्हॅक्यूमचं तोंड कापडाला न टेकवता बोटभर वर धरायचं आणि राख उचलून घ्यायची. मग पुढचं काम.

आता पाणी. नीरा डाव्या कालव्याने या भागाचं नशीब पालटलं, पण पाण्याबरोबर खारवट जमिनींचा प्रश्नही आला. तो आजचा नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी एका सहकाऱ्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० साली पुस्तिका काढली होती. जमिनीतले क्षार बोअरच्या पाण्यात थोडेफार उतरणारच. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या जाळीवर जो पांढरा थर तुम्ही बघता, तोच थर माझ्या जेटमध्ये बसतो. जेटचं भोक असतं सुईच्या टोकाएवढं, त्यामुळे तिथे तो लवकर अडचण करतो. परदेशी मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत थंडीत पाणी गोठून व्हॉल्व्ह फुटू नये म्हणून काय करायचं ते लिहिलेलं असतं. आपल्याला इथे त्याची काळजी नाही, आपल्याला हा पांढरा थर सांभाळायचा आहे.

निवडताना काय बघायचं

पहिलं हत्यार कोरडं: व्हॅक्यूमचं चपटं, अरुंद तोंड. सोफ्याच्या बैठकीच्या आणि पाठीच्या मधल्या फटीत ते शेवटपर्यंत गेलं पाहिजे. शेंगदाण्याची टरफलं, पेन्सिलीचे तुकडे, नाणी, सगळा संसार तिथेच सापडतो. दुसरं, मऊ केसांचं गोल तोंड, बटणांच्या आणि शिलाईच्या जागेसाठी.

मग ब्रश. एका ब्रशने सगळं होतं हा गैरसमज आहे. जाड विणीच्या कापडाला आणि गालिच्याला नायलॉनचा मध्यम ब्रश चालतो. मखमलीला, रेशमी धाग्याला आणि जुन्या कापडाला घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश लागतो. पितळी तारेचा ब्रश लोखंडी गेटसाठी ठेवा, सोफ्याजवळ आणू नका. विकत घेताना ब्रश तळहातावर दाबून फिरवून बघा. टोचला तर तो कापडालाही टोचणार. गडद रंगाच्या सोफ्याचा ब्रश फिक्या रंगाच्या सोफ्याला वापरायचा नाही, म्हणून दोन वेगळे ठेवा.

आता मुख्य हत्यार, ज्याने पाणी सुटतं आणि परत ओढलं जातं. त्यात मी पाच गोष्टी बघतो.

एक, रुंदी. सोफ्याला तीन-चार इंच पुरे. रुंद तोंड गोल हातावर आणि कोपऱ्यावर पूर्ण टेकत नाही, कडेने हवा जाते आणि पाणी मागे राहतं. जमिनीवरच्या गालिच्याला रुंद तोंड चालतं.

दोन, वरचा भाग पारदर्शक असावा. परत येणारं पाणी किती गढूळ आहे ते दिसलं पाहिजे. पाणी निवळ यायला लागलं की थांबायचं, हे कळण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही. उगाच पाणी मारत बसणं तिथेच टळतं.

तीन, जेट फिरवून काढता आलं पाहिजे आणि त्याच्या मागे बारीक जाळी पाहिजे. काही स्वस्त हत्यारांत जेट प्लास्टिकमध्येच पक्कं बसवलेलं असतं. आपल्या पाण्यात ते एका हंगामाचं धनी!

चार, खटका. बोटाने हलका दाबला की फवारा सुरू झाला पाहिजे आणि सोडल्याबरोबर बंद. दिवसभरात तो शेकडो वेळा दाबावा लागतो. खटका जड असेल तर संध्याकाळपर्यंत बोटं आखडतात आणि माणूस तो दाबूनच धरायला लागतो. पाणी जास्त जाण्याची सुरुवात तिथून होते. सोफ्यासाठी दाबही कमीच ठेवायचा, १०० पीएसआयच्या आतला पुरतो.

पाच, सगळ्यांत महत्त्वाचं: ओ-रिंग, जेट, गॅस्केट सुटे मिळतात का? दुकानदाराला बिल करण्याआधी हे विचारा. "पूर्ण पीसच बदलावा लागेल" असं उत्तर आलं तर ते हत्यार घेऊ नका.

याशिवाय पांढरे पंचे, प्लास्टिकची बोथट पट्टी आणि कोपऱ्यात मारायला एक बॅटरी. पंचे पांढरेच का? कापडाचा रंग सुटतोय का ते पांढऱ्यावरच दिसतं म्हणून.

दुरुस्ती

इंदापूरच्या डाळिंबवाल्याला किंवा द्राक्षवाल्याला जेट म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागत नाही. फवारणी पंपाची गन आणि माझं हत्यार ही चुलत भावंडंच. नोझल चोंदलं की फवारा बिघडतो, ओ-रिंग कापली की दांड्यावरनं पाणी हातावर येतं. ज्याला शेतातली गन खोलता येते, त्याला हे हत्यार खोलता येईल.

जेट तपासायची सोपी रीत सांगतो. कोरड्या शहाबादी फरशीवर एक क्षण फवारा मारा. पंख्यासारखा सारखा पट्टा भिजला तर जेट ठीक. मध्येच कोरडी रेघ राहिली तर क्षार बसलेत. एकाच जागी धार पडली तर भोक झिजलंय. क्षार बसले असतील तर जेट आणि जाळी काढायची, तांब्याभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व टाकायचं आणि त्यात अर्धा तास बुडवून ठेवायचं. मग स्वच्छ पाण्याने धुऊन, जमल्यास उलट्या बाजूने हवा मारायची. ठिबकच्या नळ्यांना ॲसिड सोडतात त्यातलाच हा प्रकार, फक्त सौम्य. जेटमध्ये टाचणी, सुई, तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक लांबट होतं आणि पंख्याची धार होते. झिजलेलं जेट दुरुस्त होत नाही, ते बदलायचं. त्याची किंमत सोफ्याच्या मानाने काहीच नाही.

खटका सोडल्यावरही थेंब पडत असतील तर व्हॉल्व्ह खोलावा लागतो. आधी मशीन बंद करा, खटका दाबून आतला दाब सोडा. खोलताना प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने पंच्यावर मांडा आणि मोबाईलवर फोटो काढा. बसायच्या जागेवर पांढरा थर असेल तर लिंबूसत्त्वाने काढा. ओ-रिंग चपटी झाली असेल किंवा तिला चीर असेल तर बदला. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे आणि फवारणी पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात जुनी रिंग घेऊन जा. आतला व्यास आणि जाडी, दोन्ही मापं जुळली पाहिजेत. नुसती "एवढीच दिसते" म्हणून बसवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गळते. बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन किंवा गोडेतेल नको, काही जातीचं रबर तेलाने फुगतं.

तोंडाची कड रोज तपासायची. जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून ती हळूच ओढा. धागा अडकला तर तिथे खरखर आहे. तीच खरखर कुणाच्या तरी नव्या सोफ्याचा धागा ओढणार. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून लावायचा, मग ८०० नंबरचा, आणि पुन्हा मोज्यावर बघायचं. कडेचा टवका उडाला असेल तर एम-सील लावून भागत नाही, त्याचा उंचवटा राहतो. हत्याराच्या अंगाला बारीक चीर असेल तर एम-सील चालतं, कडेला नाही.

ओढ कमी झाली की लोक मोटरवर संशय घेतात. आधी हत्यार शोकेसच्या काचेवर टेकवून बघा. मोटरचा आवाज बदलला आणि हत्यार काचेला चिकटलं तर ओढ चांगली आहे. सूं-सूं आवाज येत राहिला तर कुठेतरी हवा शिरतेय. पारदर्शक झाकणाखालचं गॅस्केट बघा. बाहेरगावी काम असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून वेळ मारून नेता येते, परत आल्यावर बरोबर मापाचं टाकायचं. पाईप बहुतेक टोकाशी, मुठीच्या जवळ फाटतो, कारण तिथेच तो सारखा वाकतो. चिकटपट्टी गुंडाळण्यापेक्षा फाटलेला चार बोटं तुकडा कापून टाका आणि मूठ पुन्हा बसवा. पाईप थोडा आखूड होतो, पण ओढ परत मिळते.

ब्रश धुतल्यावर केस खाली करून टांगायचा. केस वर करून ठेवला तर पाणी लाकडात मुरतं आणि केस सुटायला लागतात. केस फाकले की त्याची सोफ्यावरून बदली गाडीच्या मॅटवर.

आणि काम संपलं की दोन मिनिटं नुसतं साधं पाणी हत्यारातून सोडायचं. पावडरचं पाणी आत वाळलं की क्षाराला घर मिळतं. माझ्या अनुभवात निम्म्या दुरुस्त्या या दोन मिनिटांनी वाचतात.

जिथे हत्यार खाली ठेवायचं

सोफ्याच्या खाली किंवा गादीच्या चेनजवळ एक पट्टी शिवलेली असते. तिच्यावर डब्ल्यू असेल तर पाण्याने धुता येतं. एस असेल तर पाणी नको, फक्त सॉल्व्हंट. डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही चालतात. एक्स म्हणजे नुसतं व्हॅक्यूम. नवा सोफा घेतल्यावर ही पट्टी कापू नका, तिचा फोटो काढून ठेवा. पट्टी नसेल तर मागच्या बाजूला दिसणार नाही अशा जागी ओला पांढरा पंचा दाबून बघायचा.

हळदीचं वेगळंच आहे. डाग पडला की घाईने साबण लावतात आणि पिवळ्याचं लाल होतं. घाबरायचं कारण नाही. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. त्या जागी साबण थांबवा, पातळ व्हिनेगर आधी लपलेल्या कोपऱ्यावर लावून बघा, मग डागावर टिपा. घासू नका. राहिलेला पिवळा रंग उन्हाने बराच उतरतो.

घरात आजोबांची घोंगडी असेल तर ती मशीनखाली घालू नका. आपण काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणाजवळची माणसं, लोकर आपल्याला नवी नाही. लोकर आणि रेशीम अल्कलीला भितात. घोंगडी झटकावी, मऊ ब्रशने एका दिशेने साफ करावी आणि हवेशीर जागी पसरावी.

ठरावाबद्दल

आता वार्षिक सभेकडे येतो. माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, मशीन मध्यम घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगली दोन हत्यारं घ्या, एक सोफ्याचं, एक गालिच्याचं. सोबत एक डबा: चार जेट, ओ-रिंगचा संच, गॅस्केट, जाळ्या, पॉलिश पेपर, सिलिकॉन ग्रीस, लिंबूसत्त्व. हा डबा नसेल तर पहिल्याच गळतीला मशीन बंद पडेल.

दुसरी, लिफ्टची असते तशी वही ठेवा. कुणी नेलं, कधी परत दिलं, साधं पाणी सोडलं का, टाकी रिकामी केली का, कड तपासली का. सही केल्याशिवाय डिपॉझिट परत नाही. कमिटीतल्या एकाने हे अंगावर घ्यावं. सगळ्यांची जबाबदारी म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही, हे पंचवीस वर्षांत आपण पाण्याच्या पंपावरून शिकलोच आहोत!

तिसरी सूचना जिवाची आहे. हे मशीन पाणी आणि वीज एकत्र चालवतं. आपल्या काही फ्लॅटमधलं वायरिंग पंचवीस वर्षांचं आहे. थ्री-पिन, पक्कं अर्थिंग आणि आरसीसीबी असलेल्या पॉईंटशिवाय ते लावू द्यायचं नाही. हत्यार घरी दुरुस्त करा, पण मशीनच्या वायरला हात वायरमननेच लावायचा.

आणि बाहेरून माणूस बोलवाल तेव्हा, मग तो मी असलो तरी, कामाआधी हत्यार हातात घेऊन बघा. कडेवरून बोट फिरवा. काचेवर टेकवून दाखव म्हणा. फरशीवर फवारा मारायला सांगा. कोरडं व्हॅक्यूम आधी करणार का ते विचारा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही. सोफा तुमचा आहे, त्यात तुमचे साठ-सत्तर हजार अडकलेले आहेत, बघायचा हक्क तुमचाच.

आपल्या विंगमधली दोन-तीन पोरं मला विचारतात, काका, या कामात यावं का? यावं. काम सुरू करायला फार मोठं भांडवल लागत नाही, पण हात लागतो आणि तो सरावाने तयार होतो. मशीन आलं तर पहिले चार रविवार मी सभागृहाच्या खुर्च्यांवर शिकवीन, फी नको. धुण्याच्या कामाला कुणी कमी समजू नये. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा तिच्यापुढे परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात. तो मान स्वच्छ धुतलेल्या कापडाचा आहे आणि ते धुणाऱ्या हातांचाही.

 चहानंतर दोन हत्यारं टेबलावर मांडतो, ज्यांना खोलून बघायची आहेत त्यांनी जरूर यावं.

जय हिंद, जय महाराष्ट्र.